कंप्युटरातला चोर आणि माझ्या एकशे अठरा नक्ष्या

आमच्या घरातला कंप्युटर बिघडला तेव्हा पहिल्या दिवसापासून मला ठाऊक होतं की हे काम माणसाचं आहे. यंत्र आपणहून लबाडी करत नाही. चाळीस वर्षं मी जॅकार्डच्या मागांसाठी पुठ्ठ्यांना भोकं पाडली आहेत, तेव्हा यंत्राचं मला कुणी सांगू नये. माग दोरा तोडतो, धोटा फेकतो, एखाद्याचं बोटसुद्धा घेतो. लबाडी करायला मात्र माणूस लागतो.

आणि चोरण्यासारखं त्या कंप्युटरात एकच होतं. माझ्या नक्ष्या. एकशे अठरा.

ज्यांना या धंद्यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. चादरीवर जी मोरजोडी दिसते, वेल दिसते, ती आधी चौकडीच्या कागदावर काढावी लागते. त्या कागदाला आम्ही ग्राफ म्हणतो. ग्राफातला चौकोन बघून पुठ्ठ्याला भोक पाडायचं, मग सगळे पुठ्ठे ओवून त्यांची माळ मागावर चढवायची. तेव्हा मागाला कळतं, कुठला दोरा उचलायचा आणि कुठला सोडायचा. मैंदर्गीहून मी सोलापुरात आलो तेव्हा चौथी पास होतो, तीही मास्तरांच्या दयेनं. घरात निम्मं कानडी, शाळेत मराठी, आणि ज्या उस्तादाच्या हाताखाली बसलो तो तेलुगू. त्याचं मला आणि माझं त्याला निम्मंच कळायचं. पण चौकोन मोजायला भाषा लागत नाही. सहा वर्षं दुसऱ्यांच्या ग्राफाची भोकं पाडली आणि सातव्या वर्षी स्वतःचा ग्राफ काढला. इंग्रजी तेव्हाही येत नव्हतं, आताही येत नाही, आणि त्यावाचून माझं काही अडलं नाही.

या धंद्यात चोरी कशी होते तेही मला कुणी शिकवायला नको. नवी चादर बाजारात आली की दुसरा कारखानदार एक नग विकत घेतो, उलटा करतो, भिंग लावून दोरे मोजतो, आणि महिन्याभरात तीच चादर त्याच्या मागावर. पण त्यात कष्ट आहेत. ग्राफच हाताला लागला तर तेवढेही कष्ट नकोत. एकदा मी गाड्यावरून भजी घेतली, तर पुडीचा कागद म्हणजे आमच्याच पेठेतल्या एका नक्षीवाल्याचा ग्राफ. त्याच्या घरच्यांनी रद्दीत घातला असणार. तेलाचे डाग पडले होते तरी चौकोन मोजता येत होते. मी ते मोजले, पुठ्ठे पाडले आणि ती नक्षी माझी म्हणून कारखान्यात दिली. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तो माणूस आता नाही. चोराच्या वाटा चोराला ठाऊक, असं कुणाला म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं. एकशे अठरात ती एक मी धरलेली नाही.

घरात आम्ही तिघं. मुलगा चिंचोळी एमआयडीसीत शिफ्टवर जातो, त्याला नक्षीपेक्षा झोप प्यारी. सून कुर्डुवाडीची, वडील रेल्वेत होते. लग्नानंतर तिनं कंप्युटरवर नक्षी काढायचा कोर्स केला आणि एक जुना कंप्युटर घरात आला. पहिले सहा महिने मी त्याच्याकडं मान वळवली नाही. मग एका दुपारी ती माझा एक ग्राफ पुढ्यात घेऊन बसली आणि थोड्या वेळानं म्हणाली, "मामा, इथं एक चौकोन चुकलाय."

मी भिंग घेऊन बघितलं. चुकला होता. ती चादर तीस वर्षं त्या चुकीसकट विकली गेली होती, आणि ना कारखानदाराला दिसलं, ना मला. त्या दिवसापासून मी तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसायला लागलो. ती समजायची मी मदतीला बसतो. मी लक्ष ठेवायला बसत होतो.

दोन वर्षं दुपारचं आमचं हेच काम. ती विचारायची हा चौकोन लाल का काळा, मी सांगायचो, ती टिचकी मारायची. असे एकशे अठरा ग्राफ आत गेले. शेवटचा गेला त्या आठवड्यात मी सगळे कागद बाहेर काढले आणि अंघोळीच्या पाण्याच्या बंबात घातले. रद्दीत कागद गेला की काय होतं ते मला ठाऊक होतं, भजी मी खाल्ली होती. सून बादली घेऊन आली, तिनं बंबातली राख बघितली आणि बादली खाली ठेवली.

"मामा, आता जे काय आहे ते फक्त कंप्युटरात आहे," ती म्हणाली.

"म्हणूनच जाळले," मी म्हणालो.

पण ते पूर्ण खरं नव्हतं. तिला न सांगता मी एक पेन ड्राइव्ह आणला होता. ती नक्ष्या कशा उतरवून घेते ते मी दोन वर्षं शेजारी बसून बघितलं होतं. ज्याला पुठ्ठ्यांची माळ पाठ होते त्याला चार टिचक्या पाठ व्हायला काय लागतं? ती भाजीला गेली असताना मी सगळ्या नक्ष्या त्यात उतरवल्या आणि तो माझ्या चंचीत, चुन्याच्या डबीच्या कप्प्यात ठेवला. घरात चोर शिरला तर तो कपाट फोडेल, देव्हारा उचकेल. म्हाताऱ्याच्या तंबाखूच्या चंचीला कोण हात लावतो?

एवढं करूनही मन भरेना. घरच्या कंप्युटरवर त्या नक्ष्या दिसतात खऱ्या, पण पेनमध्ये त्या खरोखर उतरल्यात कशावरून? एकाच साक्षीदारावर निकाल कसा द्यायचा? म्हणून एका सकाळी मी कंप्युटरवरून पुठ्ठे पाडून देतात त्या दुकानात गेलो. तिथल्या कंप्युटरला दिवसभर सगळ्या पेठेचे पेन ड्राइव्ह लागतात. तिथं मी माझा लावून घेतला, फोल्डर उघडून नक्ष्या मोजल्या, एकशे अठरा भरल्या, आणि समाधानानं घरी आलो. घरी आल्यावर परत एकदा लावून बघितला. दुकानात कुणी काही काढून घेतलं नाही ना, म्हणून.

त्यानंतर आठ दिवसांत कंप्युटर बिघडला. या दोन गोष्टींचा काही संबंध आहे हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

बिघडला म्हणजे बंद पडला असं नाही. बंद पडला असता तर बरं झालं असतं. तो चालायचा, पण कुणी दुसरा चालवत असल्यासारखा. काही उघडलेलं नसताना आतला पंखा जोरात फिरायचा. लॉटरीची पानं आपोआप समोर यायची. महिन्याचं नेट दहा दिवसांत संपायला लागलं. सून म्हणाली, काहीतरी बाहेर पाठवतोय हा. बाहेर पाठवण्यासारखं त्यात काय आहे, ते तिला आणि मला दोघांनाच ठाऊक होतं.

दोन दिवसांनी कुर्डुवाडीहून तिच्या भावाचा फोन. तो रेल्वेच्या कारखान्यात कामाला, दोन लेकरांचा बाप. ताई, तुझ्या नावानं माझ्या मोबाइलवर मेलमध्ये इंग्रजीत काहीतरी आलंय, मी उघडलं नाही, तुझा कंप्युटर तपासून घे, असं त्यानं सांगितलं. सून घाबरली. मी घाबरलो नाही, मी विचार करायला लागलो. आग लागली हे सगळ्यात आधी कोण सांगतं? ज्यानं काडी टाकली तो. शिवाय मागच्या महिन्यात तो दोन दिवस राहून गेला होता आणि त्यानं त्याचा मोबाइल चार्जिंगला आमच्या कंप्युटरला लावला होता. माझ्या डोळ्यांसमोर लावला होता. ती वायर मी लक्षात ठेवली होती.

सुनेनं कंप्युटर दुरुस्तीच्या दुकानदाराला बोलावलं. पन्नाशीचा माणूस, आधी टाइपरायटर दुरुस्त करायचा. त्यानं आल्याआल्या नेटची वायर काढली. ते मला आवडलं. पण मग म्हणाला, साफ करण्याआधी नक्ष्यांची एक नक्कल माझ्या डिस्कवर घेतो, काही बिनसलं तर हाताशी असलेली बरी. मी नको म्हणालो. तो म्हणाला, मग कंप्युटरचा डबा दुकानात नेतो. मी तेही नको म्हणालो. इथं, माझ्यासमोर, या खुर्चीवर बसून काय करायचं ते करा. त्यानं सुनेकडं बघितलं, सुनेनं भिंतीकडं.

तीन तास तो बसला आणि तीन तास मी बसलो. त्यानं कंप्युटर निम्माच चालू केला, म्हणजे गरजेपुरता, त्याला ते सेफ मोड म्हणतात. मग त्याच्या तपासणीच्या औषधानं एकेक फाइल चाळायला सुरुवात केली. मधे चहा झाला, आणि चहा घेताना त्यानं मला समजावून सांगितलं.

"काका, हा ट्रोजन आहे. हा दार फोडून येत नाही. चांगल्या वस्तूचं सोंग घेऊन येतो आणि घरातलंच कुणीतरी त्याला आत घेतं."

"घरातलं म्हंजी कोण?"

"आता ते मी कसं सांगू?"

मग त्यानं एका परदेशातल्या गावाची गोष्ट सांगितली. शत्रूनं वेशीबाहेर लाकडाचा घोडा ठेवला, गावानं तो ओढत आत नेला, आणि घोड्याच्या पोटात शिपाई. मी म्हणालो, आमच्यात असला घोडा आला असता तर आदी भोक पाडून आत बघितलं असतं. तो हसला. मी हसण्यासाठी सांगितलं नव्हतं.

त्यानं काय सापडलं ते दाखवलं. आमच्या नक्ष्यांच्या फोल्डरसारखंच पिवळं चित्र, तेच नाव, पण ते फोल्डर नव्हतंच. फोल्डरचा अंगरखा घातलेला तो चोर होता. खरं फोल्डर त्यानं मागं लपवलेलं. टिचकी मारली की चोर आपलं काम करायचा आणि मग खरं फोल्डरही उघडून द्यायचा, म्हणून कुणाला संशय येत नव्हता. दुकानदारानं तो काढला, खरं फोल्डर पुढं आणलं, एक राखणदार आत बसवला आणि सांगितलं की आता काही वेडंवाकडं आलं तर लाल पाटी येईल.

तो गेला. आता मला सांगा, अनोळखी माणूस तीन तास तुमच्या तिजोरीत हात घालून बसला, तर तो गेल्यावर तुम्ही काय कराल? मोजाल. मीही मोजलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सून आडवी झाल्यावर मी चंचीतनं पेन काढला, चुना पुसला आणि लावला. त्यानं एखादी उडवली असेल तर पेनमधल्याशी ताडून कळेल, हा माझा हिशेब. लावल्याबरोबर लाल पाटी आली. इंग्रजीत काहीतरी आणि खाली दोन बटणं. माझ्याच घरात, माझ्याच नक्ष्या मी बघतोय, आणि दुकानदाराचा राखणदार मला अडवतोय! त्यानं हे मुद्दाम ठेवलंय, मी काय बघतो ते त्याला कळावं म्हणून, अशी माझी खात्रीच झाली. मी एक बटण दाबलं, पाटी राहिली. दुसरं दाबलं, पाटी गेली. मग फोल्डरवर टिचकी मारली, नक्ष्या मोजल्या. इकडं एकशे अठरा, तिकडं एकशे अठरा.

तिसऱ्या दिवशी लॉटरीची पानं परत आली.

दुकानदार परत आला. परत साफ केलं. परत मी मोजलं. परत आलं. तिसऱ्यांदा तो आला तेव्हा मी दारातच विचारलं की रोग तुमीच ठेवून जाता का, परत बोलवणं यावं म्हणून? तो चप्पल काढत होता. त्यानं काढलेली चप्पल पायात घातली, सुनेला म्हणाला, "ताई, काका घरात असताना मला बोलवू नका," आणि गेला. मला वाटलं, बघा, दुखलं म्हणजे खरं आहे.

मग सुनेनं स्वतःच काम हातात घेतलं. फोनवर बघून बघून, वहीत पायऱ्या लिहून, नेटची वायर काढून, तिनं एक रविवार घातला त्यात. आपल्या मेलचे पासवर्ड तिनं फोनवरून बदलले. संध्याकाळी पंखा शांत झाला. मुलगासुद्धा येऊन बघून गेला. मला तिचा अभिमान वाटला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मी मोजलं. तिच्यावर संशय नव्हता. पण तिच्या हातून चुकून एखादी गेली असेल तर?

गुरुवारी परत पंखा सुरू झाला.

आता दुकानदार आला नव्हता. बाहेरचं कुणीच आलं नव्हतं. तेव्हा जे जुनं बी आत पडलंय ते कुणाचं, हे मला उघड दिसलं. जेवताना मी सुनेला ते ऐकवलं. काय बोललो ते तसंच लिहितो, कमी करून लिहिणार नाही.

"तुजा भाऊ दोन दिवस राहून काय गेला आन् घराला कीड लावून गेला. नक्षी विकायची हुती तर मला मागायची, तोंड हुतं की त्याला."

मुलगा म्हणाला, आण्णा, गप बसा. सुनेनं माझ्या ताटात भाकरी वाढली, भांडी घासली, कंप्युटरची वायर भिंतीतनं काढली आणि त्याच्यावर जुनी चादर टाकली. आठ दिवस ती चादर निघाली नाही. दुपारी मी माझ्या खुर्चीवर बसायचो आणि ती आत जाऊन निजायची. घरात बोलणं होतं, पण कामापुरतं. चहा ठेवलाय, औषध घेतलं का, बस्स.

त्या आठ दिवसांत माझं कुठंच लक्ष लागलं नाही. चादरीखाली माझ्या सगळ्या नक्ष्या होत्या आणि त्या आहेत की गेल्या हे बघायची सोय नव्हती. पेन चंचीत होता, पण तो लावायचा कुठं?

नवव्या दिवशी दुपारी ती चादर काढून, कंप्युटर लावून काहीतरी वाचत बसली. मग एक कागद घेऊन माझ्यासमोर आली. त्यावर तिच्या अक्षरात तीन ओळी होत्या.

"मामा, नक्षीत डाग एकाच जागी परत परत आला तर काय करायचं? तुम्ही मला शिकवलंय."

"माग बगायचा न्हाय. पुठ्ठा बगायचा."

"का?"

"मागाचा दोष कुटंबी येतो. पुठ्ठ्याचा दोष माळ फिरली की त्याच जागी येतो."

"मग हे बघा." तिनं कागद पुढं केला. त्या राखणदारानं प्रत्येक वेळची वेळ लिहून ठेवली होती, हे मला माहीतच नव्हतं. तीन वार, तीन वेळा. तिन्ही दुपारी दोन ते अडीच. "साफ केल्यावर दुसऱ्याच दिवशी दुपारी बाहेरून पेन ड्राइव्ह लागलाय. लाल पाटी आली. आणि कुणीतरी त्या पाटीला परवानगी दिलीय. तिन्ही वेळा. दुपारी मी झोपलेली असते आणि हे ड्युटीवर असतात."

मी कागद हातात घेतला. आकडे मला वाचता येतात.

"पुठ्ठा कुठाय, मामा?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही.

खोटं बोलायचा विचार माझ्या मनात आला, ते नाकारत नाही. पण ती युक्ती माझीच होती. स्वतःच्या शिकवणुकीला खोटं कसं पाडायचं? मी चंची सोडली, चुन्याच्या डबीखालनं पेन काढला आणि तिच्या हातात दिला. तिनं तो पदरानं पुसला. मग विचारलं की हा घराबाहेर कुठं लावला होता का, आणि मी पुठ्ठ्याच्या दुकानाचं सांगितलं. तिनं डोळे मिटले. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. घोडा माझ्याच चंचीत होता आणि भोक पाडून बघायचं मला सुचलं नव्हतं.

आता प्रश्न असा होता की कंप्युटर पूर्ण पुसून काढल्याशिवाय इलाज नव्हता. जे काय आत आहे ते सगळं जाणार. पुसण्याआधी नक्ष्या सुरक्षित बाहेर काढायला दुसरा निरोगी कंप्युटर हवा, जाणता हात हवा, आणि हे सगळं त्या दुकानदाराकडंच होतं. कागद बंबात गेलेले. सुनेचा हात तिथं चालण्यासारखा नव्हता, तिनंच सांगितलं. ती म्हणाली, मी जाऊन माफी मागून येते. मी म्हणालो, तू का जातेस, तू काय केलंस?

मी आणि मुलगा रिक्षात डबा घालून दुकानात गेलो. दुकानदारानं मला बघितलं आणि हातातलं काम चालूच ठेवलं. मी गल्ल्यावर पेन ठेवला.

"दोष मागात न्हवता," मी म्हणालो. "पुठ्ठ्यात हुता. माज्या."

त्याला मागातलं काही कळत नसावं, पण पेनावरचा चुना बघून त्याला बाकीचं कळलं. त्यानं बसायला स्टूल दिलं. म्हणाला, उद्या संध्याकाळपर्यंत ठेवावं लागेल, पेन आणि डबा दोन्ही. मी म्हणालो, मी इथंच बसतो. तो म्हणाला, बसा की, पण मी दुकान बंद करून घरी जातो, तुम्ही काय शटरच्या आत झोपणार? मुलानं माझा दंड धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या नक्ष्या मी जिथं नव्हतो तिथं राहिल्या. घरी मी जेवलो, पण काय जेवलो ते सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला दुसराच एक कंप्युटर दाखवला, ज्यावर हा चोर चालतच नाही म्हणे. त्यात पेन लावून त्यानं खरं आणि खोटं शेजारी शेजारी दाखवलं. दोघांचं तोंड अगदी सारखं. खोट्यापुढं मात्र बारीक इंग्रजी अक्षरात वेगळा शब्द होता. इतके दिवस तो माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मला वाचता येत नव्हता. खोटं त्यानं काढून टाकलं. डबा आधीच पुसून, नव्यानं भरून ठेवला होता. मग मी मोजायला बसलो आणि त्यानं मला मोजू दिलं.

एकशे सतरा भरल्या. एकशे अठरावीचं नाव होतं, पण उघडली की वरची पट्टी दिसायची आणि खाली नुसतं राखाडी. अननसाची नक्षी. बरी होती. त्यानं दोन तऱ्हेनं प्रयत्न केला, पेनवरची बघितली, डब्यातली बघितली, दोन्हीकडं तेच. मी सगळ्यात जास्त वेळा उघडून बघितलेली तीच होती, माझी आवडती म्हणून. असं उघडून उघडून फाइल झिजते का, असं मी विचारलं. तो नाही म्हणाला, पण जरा थांबून म्हणाला.

निघताना त्यानं सांगितलं की नक्कल तीन जागी ठेवा. एक कंप्युटरात, एक घरात कपाटात, आणि एक घराबाहेर, लांब. घराला आग लागली, चोर आला, तरी बाहेरची राहते. आणि बाहेर म्हणजे भरवशाच्या माणसाकडं.

ही तिसरी जागा शोधायला मला पंधरा दिवस लागले. उस्तादाचा मुलगा अजून धंद्यात आहे, तो बाद. पेठेतले सगळे बाद. मैंदर्गीला चुलत भाऊ आहे, पण त्याचा जावई चादरीच्या व्यापारात. बँकेत लॉकर घ्या असं मुलगा म्हणाला, तर लॉकरची दुसरी किल्ली त्यांच्याकडं असते. एकेक नाव मी मनात घ्यायचो आणि खोडायचो. सून ऐकायची आणि काही सुचवायची नाही. तिनं एकही नाव सुचवलं नाही, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

शेवटी मी तिला न सांगता सकाळच्या गाडीनं कुर्डुवाडीला गेलो. तिच्या भावाची सुट्टी होती. तो बनियनवर नळाला पाणी भरत होता. मला बघून घागर तिथंच ठेवली आणि पाया पडला, आत नेलं, बायकोला पोहे टाकायला सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, त्यामुळं मला जास्तच अवघड झालं. पोहे खाऊन झाल्यावर मी नवा पेन काढला. या वेळी चंचीत नव्हता, सदऱ्याच्या खिशात होता, प्लॅस्टिकच्या पिशवीत.

"ह्ये तुज्याकडं ठिवायचं हाय."

"काय आहे यात?"

"माज्या नक्ष्या."

त्यानं पेन हातात घेतला नाही. "मामा, तुम्ही चोर म्हणून माझं नाव घेतलं होतं म्हणं."

"घेतलं हुतं."

"आणि आता?"

"आता तुज्याकडंच ठिवतोय की."

मी मान खाली घातली नाही, पण वरही करवेना. पेन त्यानं घेतला. मी लगेच बजावलं की हा कुठल्याही कंप्युटरला लावायचा नाही, स्वतःच्या घरच्यासुद्धा नाही, आधी तुझा कंप्युटर तपासून घे, मग बघू.

"मामा, माझ्याकडं कंप्युटरच नाही," तो म्हणाला. "कधीच नव्हता."

आत त्याची बायको हसली. मग तोही हसला. मी हसलो नाही, पण पाणी मागून प्यालो.

भिंतीला लोखंडी कपाट होतं. त्यात त्याच्या नोकरीचे कागद होते, रेशन कार्ड होतं. त्याखाली त्यानं पिशवी सारली, किल्ली फिरवली आणि किल्ली बायकोकडं दिली. मी उठलो. निघताना कपाटाची मूठ धरून एकदा ओढून बघितली. त्यानं ते बघितलं.

"अजून एकदा ओढा, मामा," तो म्हणाला. "गाडीत बसल्यावर वाटायला नको."

मी अजून एकदा ओढली.